रिसेलवाला माणूस

वॅगनआर गाडी घ्यायचं ठरलं २०१३ च्या गणपतीत. मला लाल हवी होती, वहिनीला निळी, दादाला कुठलीही चालणार होती पण लवकर पाहिजे होती, आणि आईला कोणी विचारलंच नाही. अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, कॅटलॉग चष्म्याजवळ धरून पाच मिनिटं बघितला आणि म्हणाले, सिल्व्हर घ्या. सिल्व्हर का? तर रिसेलला बरी पडते.

म्हणजे बघा, अजून बुकिंगचे पैसेसुद्धा भरले नव्हते आणि ती गाडी आमच्याकडून विकत घेणारा माणूस आमच्या साताऱ्याच्या घरात येऊन बसला होता. पुढे बारा वर्षं राहिला. त्याला कोणी पाहिलं नव्हतं, कुठल्या गावचा, काय करतो, काही पत्ता नाही, पण त्याला काय आवडतं आणि काय खपत नाही हे अण्णांना बरोब्बर माहीत असायचं. त्याला सीटवर डाग चालत नव्हते म्हणून शोरूमचं प्लॅस्टिक पाच उन्हाळे तसंच राहिलं, मे महिन्यात ते मांड्यांना चिकटायचं आणि उतरताना चर्रर्र आवाज यायचा, शेवटी आपल्या आपणच कडक होऊन तडकलं तेव्हा निघालं. त्याला डॅशबोर्डला भोकं पाडलेली चालत नव्हती म्हणून (गाडी एलएक्सआय, म्युझिक सिस्टिम कंपनीची नव्हतीच) आम्ही बारा वर्षं मोबाईल स्टीलच्या पेल्यात ठेवून गाणी ऐकली, पेल्यात ठेवला की आवाज जरा मोठा येतो, करून बघा. आईला मागच्या काचेवर 'जय मल्हार' लावायचं होतं, ते नाही. निदान पुढे खंडोबाचा छोटा फोटो चिकटवू म्हणाली तर टेपचा डाग राहतो, तेही नाही. त्यामुळे आमचा पालीचा खंडोबा बारा वर्षं ग्लोव्ह बॉक्समध्ये, आरसी आणि पीयूसीच्या खाली.

सीएनजी किट बसवायचा विषय दादाने दोनदा काढला आणि दोन्ही वेळा त्या माणसाने तो बंद पाडला. गाडीत वडापाव नाही. भाचीला उलटी होईल म्हणून घाटाच्या आधीच उतरवून लिंबूपाणी. कासला जायचं तर रस्ता कसा आहे हे आधी दोघांना फोन करून विचारायचं. आम्ही मागून हसायचो पण खरं सांगते, हळूहळू आमच्याही तोंडात ते बसलं, मी पुण्यात माझी स्वतःची गाडी घेताना पांढरी घेतली आणि सेल्समनला मीच म्हणाले, रिसेलला बरी ना?

अण्णा पतसंस्थेत हिशोबनीस होते, ३१ वर्षं. त्यामुळे घसारा हा शब्द आमच्या घरात चहा-साखरेइतका सहज यायचा. मी लहानपणी घसारा म्हणजे घसरगुंडीचा मोठा भाऊ समजायचे. पतसंस्थेतली टेबलं, खुर्च्या, तिजोरी, सगळ्यांना दर ३१ मार्चला घसारा लागायचा आणि त्यांची किंमत वहीत कमी व्हायची, खुर्ची मात्र तशीच दिसायची. अण्णा सांगायचे, घटत्या शिलकेच्या पद्धतीने घसारा लावला तर वस्तू कधीच शून्याला जात नाही, दर वर्षी उरलेल्यातलं थोडं जातं आणि थोडं उरतं. तिथे एक लोखंडी कपाट होतं, त्याची वहीतली किंमत शेवटी नाममात्र १ रुपया ठेवली होती, आणि त्या एक रुपयाच्या कपाटाला दोन कुलपं असायची.

एवढं सगळं माहीत असलेला माणूस स्वतःच्या गाडीच्या बाबतीत मात्र घसारा मानायला तयार नव्हता. त्याला कारण स्कूटर.

अण्णांनी १९७७ साली बजाजच्या स्कूटरला नंबर लावला होता. तेव्हा लायसन्सचं राज्य, कंपनीने किती गाड्या काढायच्या हे सरकार ठरवणार, आकुर्डीच्या कारखान्यातून जेवढ्या निघतील त्याच्या कितीतरी पट लोक रांगेत. आज नंबर लावायचा आणि लग्न होऊन पोरं झाली की स्कूटर यायची. अण्णांची १९८४ ला आली, तोवर मी दोन वर्षांची होते. आणि ज्या दिवशी ती घरी आली त्याच दिवशी संध्याकाळी मार्केट यार्डातला एक व्यापारी दारात उभा, वर दोन हजार ऑन देतो, आत्ता द्या. म्हणजे शोरूममधून बाहेर पडल्या पडल्या गाडीची किंमत वाढली! दिली नाही अण्णांनी, आठ वर्षं चालवली, आणि १९९२ ला विकली ती घेतलेल्या किमतीपेक्षा जास्तीला. त्यात महागाईचा भाग किती हे अण्णा हिशोबनीस असूनही धरत नाहीत, तो विषय काढला की कान खाजवतात. पण ज्याने आयुष्यातली पहिली गाडी अशी घेतली आणि अशी विकली त्याला कितीही सांगा की गाडी म्हणजे दर महिन्याला गळणारी टाकी आहे, त्याला ते आत कुठे पटणार? डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० आली तेव्हा तिच्यावरही असाच ऑन चालायचा. टंचाई असली की लोखंडसुद्धा सोन्यासारखं वागतं. परत एकदा झालं ते २०२१ मध्ये, कोरोनानंतर चिप मिळेनात, नव्या गाड्या अडकल्या, तेव्हा न्यू जर्सीतल्या माझ्या मावसभावाने दोन वर्षं वापरलेली गाडी जवळजवळ घेतलेल्या किमतीला विकली. अण्णांना ते कळल्यावर ते आठवडाभर खूश होते, जणू त्यांचीच विकली गेली.

मजा अशी आहे की घसारा समजायला अण्णांना कुठे लांब जायची गरज नव्हती, तो दर वर्षी पोस्टाने घरी यायचा, इन्शुरन्सच्या कागदावर. आयडीव्ही म्हणून जो आकडा असतो, गाडी चोरीला गेली किंवा पार चेंदामेंदा झाली तर कंपनी जास्तीत जास्त किती देईल तो, त्याला ठरलेलं कोष्टक आहे. सहा महिन्यांच्या आत ५ टक्के वजा, वर्षाच्या आत १५, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४० आणि पाचव्या वर्षी ५०. पाच वर्षांनंतर कंपनी आणि मालक मिळून काय ते ठरवतात. बाजार काही या कोष्टकावर चालत नाही पण उताराचा अंदाज येतो. आणि हे सगळं शोरूमच्या किमतीवर, त्याच्यावर जो रोड टॅक्स भरतो (आज महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के), इन्शुरन्स, रजिस्ट्रेशन, ते नारळ फोडायच्या आधीच गेलेलं असतं. शिवाय गाडीला वाढदिवस नसतो, तिला सन असतं. डिसेंबरात बनलेली गाडी एक जानेवारीला एका रात्रीत वर्षाने म्हातारी होते, म्हणून तर वर्षाअखेरीस सूट द्यायची धावपळ.

या हिशोबाने बघितलं तर आमच्या गाडीची किंमत सगळ्यात जोरात पडली ती त्या पहिल्या तीन-चार वर्षांत, म्हणजे जेव्हा सीटवर प्लॅस्टिक होतं, दर रविवारी अण्णा जुन्या बनियनने तिला पुसायचे, पावसात बाहेर काढत नव्हतो, आणि शेजारच्या काकांनी बोनेटवर हात टेकला तरी आमच्या पोटात गोळा यायचा. नंतर प्लॅस्टिक गेलं, दादाने गेटला दार घासलं, भाचीने एकदा आत आंब्याचा रस सांडला, आणि तेव्हा किंमत अगदी सावकाश उतरत होती.

विकायचं ठरलं मागच्या वर्षी, २०२५ च्या ऑगस्टमध्ये. अण्णा त्र्याहत्तर, त्यांचा मोतीबिंदू झालेला, दादाला ऑटोमॅटिक हवी. अण्णांनी आधी कागदावर हिशोब केला. ऑनरोड ४ लाख ३८ हजार, इन्कम टॅक्सवाले धंद्यातल्या गाडीला दर वर्षी उरलेल्या किमतीवर १५ टक्के घसारा देतात तो लावला, बारा वर्षं, उत्तर आलं ६२ हजार ३०० च्या आसपास. कागद खाली ठेवला आणि म्हणाले, हे सरकारी झालं. माझ्या मते अडीच लाख. मी विचारलं कसे? म्हणाले, गाडी बघ ना.

मी पुण्यातून एका ॲपवर माहिती भरली. कुठलं मॉडेल, कुठलं सन, रनिंग किती, पासिंग कुठलं. ४१ हजार किलोमीटर, एमएच ११, पहिला मालक. ॲपने दोन सेकंदात सांगितलं १ लाख ८५ हजारपर्यंत. 'पर्यंत' हा शब्द बारीक अक्षरात होता, तो अण्णांनी भिंग लावून वाचला.

दोन दिवसांनी तपासायला एक पोरगा आला, बाविशी-तेविशीतला, टॅब आणि हातात टीव्हीच्या रिमोटएवढं एक यंत्र. त्याने गाडीची जी तपासणी केली ती मी बाजूला उभी राहून बघत होते, आणि मला डॉक्टरकडे कपडे काढून बसल्यासारखं वाटलं. ते यंत्र पत्र्यावर टेकवलं की रंगाचा थर किती जाड आहे ते मायक्रॉनमध्ये दिसतं. बोनेट ११०, डावं दार ११५, छत १०८, आणि उजव्या मागच्या दारावर टेकवलं तर ३४०. पोराने दादाकडे बघितलं. दादाने अण्णांकडे बघितलं. अण्णांनी गेटकडे बघितलं. ते दार दादाने गेटला घासलं होतं, आणि अण्णांनी ते भारीतल्या वर्कशॉपमध्ये स्वतःच्या खिशातून करून घेतलं होतं, क्लेम घेतला नव्हता कारण क्लेम घेतला की नो क्लेम बोनस (प्रीमियममध्ये मिळणारी सूट) जातो, आणि इतकं बेमालूम झालं होतं की घरातले आम्हीच विसरलो होतो. यंत्र विसरलं नाही.

मग त्याने दारांचं रबर ओढून काढलं आणि आतले वेल्डिंगचे ठिपके बघितले, कंपनीचे गोल आणि सारख्या अंतरावर असतात म्हणे. बोनेटच्या बोल्टांवर पाना लागल्याची खूण आहे का ते बघितलं. सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढला, कारण गाडी पुराच्या पाण्यात गेली असेल तर बेल्टच्या त्या कधीच बाहेर न येणाऱ्या भागावर गाळाची रेघ राहते. कृष्णेकाठचा जिल्हा आमचा, विचारलं ते बरोबरच. काचांवरचे आकडे बघितले, सगळ्या एकाच सालच्या. डिपस्टिक काढून बोटाला तेल लावून चोळलं. सेल्फ मारला, कान देऊन ऐकलं.

आणि मग डिकी उघडली आणि अण्णांचा चेहरा फुलला, कारण तिथे स्टेपनी होती. अण्णांची स्टेपनी बारा वर्षांत एकदाही जमिनीला लागली नव्हती. पंक्चर झालं की ते पंक्चरवाल्याला जागेवर बोलवायचे पण स्टेपनी लावू द्यायचे नाहीत. नव्या टायरला ते रबराचे बारीक केस असतात ना, ते सगळेच्या सगळे शाबूत. अण्णा म्हणाले, ही बघा, एकदम कोरी. पोराने वाकून टायरच्या कडेला अंगठा फिरवला, तिथे चार आकडे असतात, ३७१३, म्हणजे २०१३ सालचा सदतिसावा आठवडा. म्हणाला, अंकल, बारा वर्षांचं रबर आहे, कडक झालंय, हे आता लावता येणार नाही. बाकीचे चार टायर २०२० चे होते, त्यातल्या त्यात त्यांना बरे मार्क मिळाले.

४१ हजार रनिंगचं कौतुक होईल अशी माझी अपेक्षा होती. त्याने उलट विचारलं, मीटर मागे नाही ना केलंय? अण्णांना हे इतकं लागलं की ते काही न बोलता आत गेले आणि वही घेऊन आले. लाल बाइंडिंगची लांब वही, पहिल्या दिवसापासून भरलेलं प्रत्येक पेट्रोल त्यात आहे, तारीख, मीटर, किती लिटर, काय भाव, सरासरी किती पडली. पहिल्या पानावर पेट्रोल ८० च्या आसपास, शेवटच्या पानावर १०५ च्या. सर्व्हिसिंग हिरव्या शाईत. ही वही आमच्यासाठी नव्हतीच कधी, ती त्या माणसासाठी होती, एक दिवस येणाऱ्या, जो हिशोब बघून मान डोलावेल. पोराने वही हातात घेतली, एक पान उलटलं आणि आदराने परत दिली. अंकल, गाडी एकदम मेन्टेन्ड आहे, मी बघतोय ना, पण सिस्टिममध्ये हे टाकायला जागा नाही. संध्याकाळी ॲपवर आकडा आला, १ लाख १८ हजार, आजच्या दिवसापुरता.

माझी भाची बीए इकॉनॉमिक्सला आहे, तिला मी हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली आत्या, हे आम्हाला शिकवलंय. जॉर्ज अकरलॉफ म्हणून अमेरिकेतला अर्थशास्त्रज्ञ, त्याने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावरच लिहिलं आणि २००१ ला त्याला नोबेलमध्ये वाटा मिळाला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की गाडी चांगली आहे की खराब हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं, म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना मधलाच भाव देतो. त्या भावात चांगली गाडीवाला विकायला तयार होत नाही, तो बाजारातून उठून जातो, मग उरतात त्यात खराब जास्त, मग भाव आणखी खाली. खराब निघालेल्या गाडीला तिकडे लेमन म्हणतात. मी अण्णांना सांगितलं, अमेरिकेत फसलेल्या गाडीला लिंबू म्हणतात. अण्णा जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, आपण तर दसऱ्याला स्वतःच्या हाताने चारही चाकांखाली ठेवली होती.

अण्णांनी विकायला नकार दिला, अगदी अकरलॉफच्या हिशोबाने. आणि तिथेच चूक झाली, कारण पंधरा ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी होणार असं आधीच सांगून झालं होतं आणि बाजार श्वास धरून बसला होता. २२ सप्टेंबरला, घटस्थापनेलाच, छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा कर २८ टक्के अधिक १ टक्का सेस होता तो सरळ १८ टक्के झाला. सहा लाखांची गाडी घरबसल्या पन्नासेक हजारांनी खाली. लोक पेढे वाटत होते आणि आमच्या पोर्चमधली गाडी कोणी हात न लावता आणखी स्वस्त झाली होती. हे मला तोपर्यंत नीट कळलंच नव्हतं, की जुन्या गाडीची किंमत तिच्या तब्येतीपेक्षा शोरूममधल्या तिच्या धाकट्या बहिणीच्या किमतीवर जास्त ठरते. नवी पाच लाखांत मिळत असेल तर बारा वर्षांची कोण किती देणार? गावातला एजंट गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, काका, एक पाच फायनल, नवीच स्वस्त झाली, मी काय करू. वर जीएसटीची भीती घातली, जुन्या गाडीवर पण १८ टक्के लागला म्हणाला. ते अर्धवट खरं आहे, डिसेंबर २०२४ ला जीएसटी कौन्सिलने जुन्या गाड्यांचा दर १८ टक्के केला, पण तो धंदा करणाऱ्या नोंदणीकृत विक्रेत्याला, आणि तोही त्याच्या मार्जिनवर. माझ्या-तुमच्यासारख्याने घरची गाडी शेजाऱ्याला विकली तर काही नाही. अण्णांनी त्याला हे शांतपणे सांगितलं, तो म्हणाला काका तुम्ही सीए आहात का.

दिवाळी झाली. गाडी पोर्चमध्येच. अण्णा तिला पुसत होते, पण आता नुसतं वरवर.

आणि मग तो आला. खरोखरचा, रिसेलवाला माणूस. कोरेगावकडचा, तिशीच्या आतला, इलेक्ट्रिक फिटिंगची कामं घेतो, दादाच्या मित्राच्या ओळखीने आला. बरोबर एक मेकॅनिक मित्र आणि आई. मी त्या दिवशी मुद्दाम साताऱ्याला होते, बारा वर्षं ज्याच्यासाठी पेल्यात गाणी ऐकली त्याला बघायचं होतं.

त्याने रंग बघितलाच नाही. मेकॅनिक मित्राने एक राऊंड मारली, स्पीडब्रेकरवरून दोनदा नेली, म्हणाला शॉकअप मागचे करावे लागतील, इंजिन चोख आहे. घासलेल्या दाराचं अण्णांनी स्वतःहून सांगितलं, एवढ्या दिवसांनी शहाणपण आलं होतं, तर तो म्हणाला असू द्या ओ काका, मला त्याच्यावर शिडी टेकवायचीय. त्याने विचारलं ते एवढंच की पासिंग कधीपर्यंत आहे. २०२८ च्या ऑक्टोबरपर्यंत, पंधरा वर्षं होईपर्यंत, मग पुन्हा नोंदणी आणि ग्रीन टॅक्स, हे त्याला आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. एजंटने त्याला दिल्लीची एक डिझेल दाखवली होती म्हणे, तिकडे दहा वर्षांनंतर डिझेल चालवू देत नव्हते म्हणून ढिगाने इकडे आल्या, मोठी गाडी, कमी पैशात, पण एनओसी आणि इथला टॅक्स बघून तो पळाला.

आम्ही सगळे बोनेटपाशी उभे होतो आणि त्याची आई मागचं दार उघडून कधी आत बसली कळलंच नाही. बसली, उतरली, परत बसली. मग दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून म्हणाली, हिच्यात वाकाया लागत न्हाय. वॅगनआर उंच आहे ना, सीट खुर्चीच्या उंचीला येते, सरळ बसायचं आणि सरळ उतरायचं. तिचे दोन्ही गुडघे गेलेले. याच्या आधी बघितलेल्या दोन गाड्यांतून तिला हाताला धरून काढावं लागलं होतं. बारा वर्षांत त्या गाडीची उंची आम्ही कोणीच जमेला धरली नव्हती.

मग व्हायचं ते झालं. अण्णा एक पंचावन्न म्हणाले, तो एक तीस म्हणाला, मेकॅनिक शॉकअपकडे बोट दाखवायला लागला, आमच्या आईने मध्येच चहा आणला, आणि एक बेचाळीसवर दोघांनी हात मिळवला. वरचे एक हजार अण्णांनी खंडोबाच्या नावाने परत दिले. टोकन दहा हजार फोनपेवर.

निघताना अण्णा वही घेऊन आले. आता ही तुझी, गाडीबरोबर. त्याने खरंच मन लावून दोन-चार पानं बघितली, एका ठिकाणी तर आईला वाचून दाखवलं, बघ आये, चौदा साली पंढरपूरला गेलती गाडी. मग वही दोन्ही हातांनी परत दिली. लय भारी आहे काका, पण तुमच्याकडेच ठेवा, माझ्याकडं हरवंल.

कागदांच्या बाबतीत अण्णांनी कोणाचं ऐकलं नाही. सह्या करून कोरे फॉर्म द्या, मी सावकाश नावावर करून घेतो, असं सगळीकडे चालतं तसं चालू दिलं नाही. फॉर्म २९ आणि ३० भरून, आरसी नावावर व्हायला टाकल्याची पावती बघूनच चावी. याला कारण आहे, सुप्रीम कोर्टाने २०१८ ला नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगितलंय की अपघात झाला तर आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, गाडी मध्ये चार जणांना विकून झाली असली तरी. बँकेचा बोजा आधीच उतरवलेला होता, नवीन नंबरप्लेटही बसवली होती, नाहीतर त्यातच महिना गेला असता. आणि नो क्लेम बोनस, हे मात्र बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून सांगते, तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. क्लेम न घेता वर्षं काढली तर २० टक्क्यांपासून चढत चढत ५० पर्यंत जातो, आणि गाडी विकताना कंपनीकडून तसं पत्र घेतलं तर तीन वर्षांच्या आत पुढच्या गाडीला लावता येतो. अण्णांनी ते दार खिशातून केलं होतं ना, ते पैसे दादाच्या नव्या गाडीच्या (कागदावर तीही अण्णांच्याच नावाची) प्रीमियममध्ये वसूल झाले. अख्ख्या प्रकरणात बरोबर निघालेला तेवढा एक हिशोब.

पंधरा-वीस दिवसांनी त्याच्या स्टेटसला फोटो दिसला. गाडीच्या टपावर कॅरियर, कॅरियरवर शिडी, मागच्या दाराला 'सर्व प्रकारची लाईट फिटिंगची कामे' आणि मोबाईल नंबर, आणि मागच्या काचेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल रेडियममध्ये 'आई-वडिलांची पुण्याई'. डॅशबोर्ड कापून भलीमोठी स्क्रीन बसवलेली. दोन्ही मागच्या दारांत स्पीकर. अण्णांनी माझा फोन घेऊन दोन बोटांनी फोटो मोठा केला, एकेका कोपऱ्यावर गेले, त्या पोराने यंत्र फिरवलं होतं तसं. म्हणाले, गेली. आता रिसेलला काही येणार नाही. आई मागून वाकून बघत होती, म्हणाली, अक्षरं छान आलीयत.

दादाची नवी गाडी आली, तिचा रंग मी सांगत नाही.

वहीत शेवटच्या नोंदीखाली अण्णांनी हिरव्या शाईने विक्री १,४१,००० असं लिहून दोन रेघा मारल्यात. मागे तीसेक पानं कोरी राहिली होती, ती आता दुधाच्या हिशोबाला चालू आहेत. मागच्या आठवड्यात म्हशीचं दूध दोन रुपयांनी वाढलं, ते तारखेसकट लिहिलंय.